काठीवर नको, हातावर

मेलबर्नला धाकट्या बहिणीकडे जायचे ठरले तेव्हा मी वहीत तीन रकाने आखले: न्यायचे, बघायचे, आणायचे. 'मार खायचा' असा चौथा रकाना लागेल असे काही वाटले नव्हते. ज्यांना ऑस्ट्रेलियातल्या कांगारूंबद्दल वाचायचे आहे त्यांना आधीच सांगून ठेवते की मला एकच कांगारू दिसला, तोही पिवळ्या पाटीवर. मी पाहिल्या त्या काठ्या.

टार्निट

मी चिपळूणची. एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. प्रवेश, परीक्षा, हॉलतिकिटे यांत इतकी वर्षे गेली आहेत की कुठलीही गोष्ट सुरू होण्याआधी मला तिचे वेळापत्रक लागते. टार्निट हे मेलबर्नच्या पश्चिम टोकाचे नवे उपनगर मला त्यामुळे पहिल्या दिवशी फार आवडले. सगळे एका मापाचे. तीच राखाडी वीट, तेच गॅरेज, दारात तेच एक बारीक झाड आधाराला बांधलेले. दुसऱ्या दिवशी फेरी मारून परत येताना मी आत्मविश्वासाने बेल वाजवली आणि दार एका पंजाबी आजींनी उघडले. मी कोण, कुठली, काहीही न विचारता त्यांनी मला बसवले, चहा दिला, आणि कप रिकामा झाल्यावर म्हणाल्या, "अब बताओ, जाना किसके घर है?" माझ्यासारखी माणसे त्यांच्याकडे नेहमी येत असावीत.

माझी बहीण मेधा माझ्याहून सात वर्षांनी लहान. शिकायला आली आणि तिथेच राहिली. आता एका पाळणाघरात काम करते. लहानपणापासून तिचा स्वभाव एकच: वाटेत खुर्ची आडवी आली तर आधी खुर्चीची माफी मागायची. ऑस्ट्रेलियात येताजाता सगळेच सॉरी म्हणतात, त्यामुळे तिला तो देश चांगला मानवला. ही मेधा काठीने मारामारी शिकते आहे असे तिने फोनवर सांगितले तेव्हा मी "नीट ऐकू येत नाहीये" म्हणून फोन ठेवला होता आणि पुन्हा लावला होता.

शनिवारी तिने मला तो वर्ग दाखवायला नेले. जागा म्हणजे वस्तीच्या कम्युनिटी सेंटरचा हॉल. आठ-दहा बायका, बहुतेक चाळिशीच्या पुढच्या, कोणी फिलिपिनो, कोणी पंजाबी, एक वसईची. प्रत्येकीच्या हातात वेताची एक काठी, साधारण खांद्यापासून मनगटापर्यंत भरेल एवढी. वेत म्हटल्यावर माझ्या पिढीला शाळा आठवते. तिथेही तो आमच्या भल्यासाठीच वापरत.

या विद्येला अर्निस म्हणतात. फिलिपिन्सच्या दुसऱ्या बेटावरचा माणूस भेटला तर तो एस्क्रिमा म्हणेल, आणि तिसरा आणखी काही. त्यांनी आपसांत ठरवावे. मला भावली ती तिची रचना. कराटेत आधी वर्षानुवर्षे हातपाय आणि मग कधीतरी हत्यार. इथे पहिल्याच दिवशी हातात काठी. का, तर काठी म्हणजे लांबवलेला हात. काठीच्या वाटा अंगात बसल्या की त्याच वाटांनी कोयता जातो, छत्री जाते, उलथने जाते, आणि काहीच हाताशी नसेल तर रिकामा पंजा जातो. फटक्यांना भारदस्त नावे नाहीत, आकडे आहेत. एक म्हणजे तिरका वरून उजवीकडचा, दोन म्हणजे तसाच डावीकडचा, असे पुढे. अंगावर काय येते आहे हे बघत बसायचे नाही, कोणत्या कोनातून येते आहे एवढेच बघायचे. जगातली सगळी मारामारी डझनभर ओळींत बसवणारा तो मूळ पुरुष नक्की कुठल्या तरी ऑफिसात असणार.

पण या शैलीची खरी ताकद वेगळ्याच गोष्टीत आहे, आणि मेधाचे घोडे नेमके तिथे अडले होते. समोरच्याच्या काठीला काठी लावत बसायचे नाही. ती धरणाऱ्या हातावर मारायचे. हात दुखावला की काठी आपोआप पडते. मग समोरचा कितीही धिप्पाड असो, पुढचे बोलणे सोपे होते. याला त्यांच्यात सापाचे दात काढणे म्हणतात. कमी ताकदीच्या माणसाने जास्त ताकदीच्या माणसाशी कसे निभवावे याचे हे उत्तर आहे, आणि मला ते बिनतोड वाटले.

आता आम्ही दोघी मराठी शाळेत वाढलेल्या. स्नेहसंमेलनात दर वर्षी टिपऱ्या आणि गोफ. टिपरी टिपरीवरच पडली पाहिजे, सगळ्यांचा मिळून एकच आवाज आला पाहिजे, आणि शेजारणीच्या बोटाला लागले तर बाई रांगेबाहेर काढणार. हे शिक्षण मेधाच्या हाडात मुरलेले. समोरून काठी आली की तिची काठी जाऊन बरोबर काठीवर बसायची, तीही ठेक्यात. चुकून कुणाच्या बोटाजवळून गेली की लगेच "सॉरी!"

"मम, यू इव्हन से सॉरी टू द स्टिक," तिची मुलगी इरा गाडीत मागच्या सीटवरून म्हणाली.

"मराठीत बोल, मावशी आलीय," मेधा म्हणाली.

"मम, तू स्टिकला पण सॉरी म्हणतेस." भाषांतर अचूक होते.

यात हसण्यासारखे होते तसे काळजीचेही होते. हा वर्ग नेना नावाच्या फिलिपिनो बाईंनी उभा केला. शिकवणाऱ्याला त्यांच्यात गुरो म्हणतात, म्हणजे शब्द समजावून द्यावा लागत नाही. गुरो नेना हॉस्पिटलच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि मुलीकडे टूवूंबाला, म्हणजे पार क्वीन्सलंडमध्ये, राहायला गेल्या. मेधा तात्पुरता वर्ग सांभाळत होती. तिने तो कायमचा चालवायला गुरोंची परवानगी हवी होती, आणि गेल्या वर्षी गुरोंनी तिची परीक्षा घेऊन सांगितले होते, "नाचतेस छान. शिकवायला अजून वेळ आहे." या खेपेलाही नाही म्हणाल्या तर सेंटरवाले हॉल दुसऱ्या कुणाला देणार होते. वर्ग बंद.

"बंद तर बंद," मी रात्रीची भांडी आवरताना म्हटले. "दुसरं काही तरी लाव. योगासनं लाव."

मेधा ताट पुसायची थांबली. "ताई, दिवसभर मी दोन वर्षांच्या मुलांना 'जेंटल हँड्स, जेंटल हँड्स' सांगते. घरी आले की अनिरुद्धला काय हवं, इराला काय हवं. शनिवारी ते दोन तास बायका मला विचारतात, मेधा, आता काय करायचं? मला ते सोडायचं नाहीये."

यावर मी योगासने मागे घेतली. माझ्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

परीक्षेत काही भाग जोडीने करायचा असतो. तिची जोडीदार गुरप्रीत. परीक्षेसाठी टूवूंबाला निघायला आठवडा उरला असताना गुरप्रीतच्या घरी सगळे तापाने आडवे झाले. मेधाने माझ्याकडे पाहिले.

"ताई, तुला गोफ येतो ना अजून?"

त्यांचा एक दोन काठ्यांचा प्रकार आहे, सिनावाली. अर्थ विणकाम. दोघी समोरासमोर, चारही काठ्या वरखाली, आतबाहेर, चटई विणल्यासारख्या. मला तो दोन संध्याकाळींत आला, हे मी नम्रपणे नमूद करते. गॅरेजमध्ये गाडी बाहेर काढून आमचा सराव चाले. जोरात काठ्या भिडल्या की वेताला जळका वास येतो, तो मला आवडायला लागला. मेधाचा नवरा अनिरुद्ध लांबच्या ऑफिसातून गाडी हाकत दमून यायचा आणि दारातच उभा राहायचा.

"भारी चाललंय हं, ताई. भोंडल्याला खिरापत काय आहे आज?"

"काठी," मी म्हणायचे. "आधी हात धुऊन या."

टूवूंबा, शुक्रवार

विमानप्रवासाबद्दल जाणाऱ्यांना एकच सूचना. काठ्या मोठ्या सामानात टाकाव्यात, हातातल्या सामानात चालत नाहीत. काउंटरवरच्या मुलीने लांबट पिशवी पाहून विचारले, हे कशासाठी? मेधा म्हणाली, "लोकांना मारण्यासाठी. सॉरी." मुलगी "नो वरीज" म्हणाली आणि पिशवीला चिठ्ठी लावली.

ब्रिस्बेनला उतरून भाड्याची गाडी घेतली. तासभर सपाट शेते, मग एकदम समोर डोंगर, आणि रस्ता वळणे घेत वर चढतो. वर पोचलो आणि मी मेधाला गाडी थांबवायला लावली. माती लाल होती. आपल्या चिपळूणच्या जांभ्यासारखी, बुटाला लागली की महिनाभर न निघणारी. मी वाकून चिमूटभर हातात घेतली. मेधा म्हणाली, "ताई, बॅगेत टाकू नकोस हं, इथे कस्टमवाले मातीवर फार चिडतात." माझ्या मनातही नव्हते. बहुतेक.

गाव टुमदार, रस्ते रुंद, बागा फुलांनी भरलेल्या. आपला ऑक्टोबर म्हणजे तापलेला पत्रा, त्यांचा ऑक्टोबर म्हणजे वसंत. बस मात्र शोधूनही सापडत नाही. गाडी नसेल तर गावात माणूस नुसता फुले बघत बसेल.

मोटेलच्या पार्किंगमध्ये आम्ही शेवटचा सराव काढला. मी मोठ्याने आकडे म्हणत होते, मेधा काठ्या अडवत होती, आणि मी तिला मराठीत सुधारत होते. शेजारच्या खोलीचे दार उघडून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. अर्धी चड्डी, सपाता, हातात चहाचा मग.

"यू राइट, लेडीज?" म्हणजे, सगळे ठीक ना.

"सॉरी, सॉरी!" मेधा म्हणाली. "वी आर सिस्टर्स."

"आह," ते म्हणाले. "फेअर इनफ." आणि आत जाऊन दार लावून घेतले. त्यांनाही बहीण असावी.

संध्याकाळी गुरोंकडे जेवायला. माझ्या मनात काठीवाली गुरू म्हणजे कोणी तरी उंच, करड्या आवाजाची बाई होती. दार उघडले ते एका बुटक्या, गोल, फुलाफुलांचा ब्लाउज घातलेल्या साठीच्या आजींनी, आणि पहिला प्रश्न, "जेवलात का?" जेवायलाच बोलावले होते, तरी. मोठ्या बहिणीला त्यांच्या भाषेत आते म्हणतात, त्यामुळे मी लगेच सगळ्यांची आते झाले. आमच्याकडे आते वडिलांच्या बाजूची असते हे मी समजावून पाहिले. त्यांनी मान डोलावली आणि आतेच म्हणत राहिल्या.

टेबलावर केळीची पाने पाहून मला घरी आल्यासारखे वाटले. ते फार टिकले नाही. आपल्याकडे प्रत्येकाचे पान वेगळे, मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, प्रत्येक पदार्थाला घर ठरलेले. इथे टेबलभर पाने एकाला एक जोडून अंथरलेली, त्यावर मधोमध भाताचा लांबच लांब बांध, आणि त्या बांधावर कोळंबी, तळलेला मासा, वांगी, आंब्याच्या फोडी जिथे जागा मिळेल तिथे. सगळ्यांनी उभे राहून, हाताने, एकाच पानातून खायचे. माझी हद्द कुठपर्यंत, शेजारणीची कुठून, काही पत्ता नाही. चिंचेचे आंबट सार मात्र वाटीत दिले. ते आमच्या घरच्या सारासारखेच होते, मी दोनदा घेतले. सुका मासा तर इतका ओळखीचा की त्याच्याशी मराठीत बोलावेसे वाटले.

मी मीठ शोधत असताना माझ्यासमोरची सगळ्यात मोठी कोळंबी नाहीशी झाली. गुरोंनी उजव्या हाताने मला मीठ दाखवले होते आणि डाव्याने कोळंबी उचलली होती.

"डावा हात?" माझ्या तोंडून निघालेच. जेवताना डावा हात म्हणजे आमच्याकडे पानावरून उठवतील.

"आते, आमच्याकडे ज्या हातात काठी नाही तोच खरा धोक्याचा," त्या कोळंबी सोलत म्हणाल्या. (त्या इंग्रजीत बोलत, मी मराठीत देते आहे.) "काठीकडे सगळे बघतात. दुसरा हात गुपचूप जाऊन मनगट धरतो, कोपर ढकलतो, काठी काढून घेतो. आम्ही त्याला जिवंत हात म्हणतो. आमच्या गावची शैली अगदी जवळून लढण्याची. उसाच्या फडात लांब काठी फिरवायला जागा कुठे? तिथे हा हातच कामाचा." मग त्या मेधाकडे वळल्या. "तुझा जिवंत आहे का गं? की अजून टाळ्याच देतो?"

मेधा पानाकडे बघत हसली. तिने त्यानंतर फारसे काही खाल्ले नाही.

टूवूंबा, शनिवार

परीक्षा स्काउटांच्या जुन्या लाकडी हॉलमध्ये होती. गुरोंच्या तिथल्या विद्यार्थिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बहुतेक हॉस्पिटलातल्या नर्स, काही रात्रपाळी करून सरळ आलेल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर झाकलेले डबे होते, म्हणजे निकाल काहीही लागला तरी जेवण ठरलेले. ही पद्धत आपल्या परीक्षा मंडळांनी घ्यावी.

सुरुवात उत्तम झाली. आकड्यांचे फटके, पावले, एकीची काठी दुसरीने काढून घेणे, सगळे मेधाने न अडखळता केले. मग आमची सिनावाली. लय वाढवत वाढवत नेली, चारही काठ्यांचा एकच आवाज लागला. नर्सनी टाळ्या वाजवल्या.

"सुंदर," गुरो म्हणाल्या. "कुणालाही लागले नाही." रिपोर्ट हाती देताना डॉक्टर बोलतात तसा आवाज होता.

त्यांनी हातात जाड गादीचा हातमोजा चढवला, काठी घेतली आणि मेधासमोर उभ्या राहिल्या. "माझ्या हातावर."

गुरोंचा फटका आला. टाक. मेधाची काठी काठीवर. पुन्हा आला. टाक. तिसऱ्या वेळी मेधाची काठी खरेच हाताकडे निघाली होती, मी पाहिले, आणि अगदी शेवटी मनगट वळवून तिने ती पुन्हा काठीवर नेऊन ठेवली. मेधाचे कान लाल झाले.

गुरो थांबल्या. "तू मला फार मान देतेस. मान जेवताना दे. उद्या तुझ्या एखाद्या विद्यार्थिनीचा हात रस्त्यात कुणी धरला, तर ती तुझ्याकडून शिकली तेच करणार. त्याला टाळी देणार."

मेधाने मान खाली घातली. मला वाटले, संपले. गुरोंनी हातमोजा काढला, दोन पावले चालून आल्या आणि तो माझ्या हातात दिला.

"आते, तुम्ही या."

"मी? मी पाहुणी आहे."

"तुम्ही मोठी बहीण आहात. पाहुण्यासारख्या मारू नका."

मी हातमोजा घातला, काठी घेतली. मेधाचा चेहरा असा झाला होता की तिला पाणी द्यावेसे वाटावे. मी एक नंबरचा फटका मारला. टाक. दोन नंबर. टाक. पुन्हा एक. टाक. अगदी आमच्या शाळेचे पटांगण. मला संताप आला. सगळे इतके नीट ठरवून, इतक्या लांब येऊन, ही बाई स्वतःच्या हाताने वर्ग घालवायला निघाली होती. आणि संताप आला की माझे तोंड सुरू होते.

"मेधा, पाय बघ कुठे आलेत तुझे. कोपर आत घे. केस नीट बांधले नाहीस, डोळ्यात जातायत. काल पार्किंगमध्ये काय सांगितलं होतं मी? इथे ना, तू आधी ऐकून घे. असं नाही करायचं, असं—"

'असं' दाखवायला मी काठी उचलली. वाक्य तिथेच राहिले. गादीतून थेट हाडाला पोचणारा फटका माझ्या बोटांवर बसला, बोटे आपोआप उघडली, आणि माझी काठी लाकडी जमिनीवरून खडखडत लांब गेली. ती कुठे गेली हे बघायला मी वळते आहे तोवर मेधाचा डावा हात माझ्या कोपरामागे आलेला होता. पुढच्या क्षणी मी भिंतीकडे तोंड करून आग लागल्यास पाळावयाच्या सूचना वाचत उभी होते.

मी हात चोळत वळले. आता ती सॉरी म्हणणार, मी "असू दे गं" म्हणणार, आणि ती गेल्या वर्षीसारखीच रिकाम्या हाताने घरी जाणार, हे मला स्पष्ट दिसत होते. तिचे ओठ हललेसुद्धा. मग तिने ते मिटून घेतले. केसांची बट कानामागे टाकली.

"ताई," ती म्हणाली, "काठी अगदी टोकाला धरतेस तू, म्हणून निसटली. मागे चार बोटं सोड. उचल आणि परत ये."

मी गुरोंकडे पाहिले. त्या केव्हाच जाऊन खुर्चीत बसल्या होत्या.

"माझ्याकडे काय बघता, आते? तुमच्या टीचरचे ऐका. टार्निटचा वर्ग आजपासून तिचा."

उजव्या हाताची बोटे अजून माझी वाटत नव्हती. मी डाव्या हाताने काठी उचलली, मागे चार बोटे सोडून धरली, आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.